रोग्याची दाद

रोग माणसाच्या मागे जन्मापासून लागलेला आहे आणि त्यावर उपाय करणारा वैद्यही जवळजवळ तितकाच जुना आहे. परंतु उपायानेच अपाय झाला तर रोग्याने दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न त्या मानाने नवा आहे. आपल्याकडे त्याची दोन उत्तरे रूढ आहेत. कपाळाला हात लावून 'नशिबात होते' म्हणायचे आणि प्रेत घेऊन घरी यायचे, हे एक. दवाखान्याच्या काचा फोडायच्या, हे दुसरे. पहिल्या उत्तरात न्याय नाही. दुसऱ्याने तो मिळण्याची उरलीसुरली आशाही संपते. तिसरे उत्तर कायद्याचे आहे. ते कसे घडले, त्यासाठी कोणाला किती वर्षे झिजावे लागले, आणि आपल्या धर्माबादेतल्या माणसाला आज त्याचा कितपत उपयोग आहे, एवढेच आम्हाला येथे मांडायचे आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे आणि वकीलही नव्हे. हमाल आणि कामगार यांचे नुकसानभरपाईचे अर्ज लिहिता लिहिता कायद्याची पुस्तके उघडावी लागली. त्यामुळे या विषयाकडे आम्ही कामगाराच्या नजरेने पाहतो. ज्याला इजा झाली त्याच्या हातात शेवटी काय पडले, हा आमचा पहिला प्रश्न असतो.

या प्रश्नाने जुन्या ग्रंथांकडे पाहिले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधन नावाच्या चौथ्या अधिकरणात, वैद्यांसाठी नियम घालून दिले आहेत. जिवाला धोका असलेल्या रोग्याची वर्दी न देता उपचार केले आणि तो दगावला तर वैद्याला खालच्या पायरीचा दंड. उपचारातल्या चुकीमुळेच दगावला तर त्याहून मोठा, मध्यम दंड. म्हणजे दैवाने आलेला मृत्यू आणि हातच्या चुकीने आलेला मृत्यू यांतला भेद आपल्या पूर्वजांना नीट कळत होता. तथापि दंड हा राजाचा असतो. तो खजिन्यात जातो. मागे राहिलेल्या विधवेच्या चुलीपर्यंत तो पोहोचत नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात ही स्थिती कायद्याने प्रथम बदलली ती १८५५ साली. त्या वर्षीच्या प्राणांतिक अपघातांच्या कायद्याने, दुसऱ्याच्या चुकीने वा हयगयीने माणूस मेला तर त्याच्या पत्नीला, पतीला, आईबापांना आणि मुलांना भरपाई मागण्याचा हक्क दिला. हा हक्क दिवाणी दाव्याचा होता. चूक सिद्ध करण्याचे ओझे दावा करणाराच्याच डोक्यावर होते आणि कोर्टाच्या पायऱ्याही त्यालाच चढायच्या होत्या. पुढे १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याने कामगाराच्या डोक्यावरचे हे ओझे पुष्कळसे उतरवले. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढे दाखवले की पुरे; मालकाची चूक दाखवण्याचे कारण नाही. रोग्याला असा कायदा मिळाला नाही, आजही मिळालेला नाही. ही तुलना श्रोत्यांनी मनात ठेवावी. पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

आता महाराष्ट्रातल्या दोन खटल्यांकडे येऊ. दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि दोन्हींचे निकाल छापील आहेत.

पहिला खटला पुण्याचा. ६ मे १९५३ रोजी दिवस मावळताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेत गावच्या समुद्रकिनाऱ्यावर आनंद नावाच्या सुमारे २० वर्षांच्या तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या आणि पुण्याला नेण्याचा सल्ला दिला. सुमारे २०० मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी दुपारच्या आत त्याला टॅक्सीने पुण्यात आणले. वडील त्रिंबक बापू गोडबोले हे दौंडला डॉक्टरकी करीत, तेही आले. मुलाला डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्या रुग्णालयात दाखल केले. मॉर्फियाचे इंजेक्शन दिले, क्ष-किरण चित्रे काढली, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत तासाभराहून थोडा अधिक वेळ ठेवून पाय प्लॅस्टरमध्ये घातला. सात वाजेपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल असे सांगण्यात आले, म्हणून वडील दौंडला परतले. आई उशाशी राहिली. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घेणे जड जाऊ लागले. रात्री नऊ वाजता तो गेला.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते, रक्तवाहिनीत चरबीची गुठळी अडकली. आईबापांचे म्हणणे वेगळे होते. भूल न देता, तिघा मदतनिसांकडून जोराने ओढून हाड बसवले आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असे ते म्हणत. डॉक्टरांचे म्हणणे असे की आपण हाड बसवलेच नाही. हलका ताण देऊन पाय नुसता स्थिर केला. आईबापांनी २५,००० रुपयांचा दावा लावला. खालच्या कोर्टाने ३,००० रुपये दिले. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी डॉक्टरांचे अपील फेटाळले. मुलगा जाऊन तेव्हा पंधरा वर्षे होत आली होती.

त्या निकालात न्यायमूर्ती शेलत यांनी डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली. रोगी हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी घेणे, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी घेणे, आणि तो उपचार करताना काळजी घेणे. उपचार निवडण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरांना आहे आणि तातडीच्या वेळी ते अधिक मोकळे आहे, हेही त्याच निकालात सांगितले आहे. डॉक्टरांकडून कायदा चमत्कार मागत नाही. त्या विद्येच्या सामान्य जाणकाराने जेवढी काळजी घ्यावी तेवढीच मागतो. रोगी बरा झाला नाही एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही.

दुसरा खटला आपल्या मराठवाड्यातला. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या सरकारी रुग्णालयात १० जुलै १९६३ रोजी चंद्रिकाबाई नावाच्या बाई बाळंतपणासाठी दाखल झाल्या. बाळंतपणानंतर, १३ जुलैला, त्यांच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. लगेच ताप चढला आणि पोटात असह्य दुखू लागले. पती अच्युतराव खोडवा यांनी १५ तारखेला धावाधाव करून एका नामांकित शल्यचिकित्सकाला दाखवले. पोट पुन्हा उघडून पाहावे असे त्याने सुचवल्याचे खटल्यात पुढे आले. पण त्यावर चार दिवस काही झाले नाही. १९ तारखेला पोट उघडले, तेव्हा आत रक्त टिपायचा कापडी बोळा सापडला आणि त्याभोवती पू साचलेला होता. २४ जुलैला चंद्रिकाबाई गेल्या.

पुण्याच्या खटल्यात भूल दिली की नाही, जोर किती लावला, यावर वाद होता. येथे वादाला जागा नव्हती. बोळा पोटात आपण होऊन जात नाही. अशा वेळी वस्तुस्थिती स्वतःच बोलते, असे न्यायशास्त्र सांगते. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. परंतु उच्च न्यायालयात वेगळीच भिंत उभी राहिली. रुग्णालय सरकारचे, आणि सरकार आपल्या नोकरांच्या अशा चुकीला जबाबदार नाही, असे ठरले.

ही भिंत कोठून आली? १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात, पोलिसांनी जप्त केलेले सोने हवालदार घेऊन पळाला तरी सरकार देणे लागत नाही, असा निकाल दिला होता. कारण पोलिसी सत्ता ही राज्याची सार्वभौम सत्ता. तो न्याय बाळंतिणीच्या खाटेपर्यंत आणून भिडवला. २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती भिंत पाडली. रुग्णालय चालवणे हे सार्वभौम सत्तेचे काम नव्हे. तेथल्या नोकरांच्या हयगयीने मृत्यू झाला हे एकदा ठरले की सरकारने भरपाई दिलीच पाहिजे, असे सांगून खालच्या कोर्टाचा हुकूमनामा पुन्हा कायम केला. १९६३ ते १९९६, तेहतीस वर्षे. १९६३ साली ३६,००० रुपयांत घर उभे राहिले असते. १९९६ साली त्या रकमेची किंमत काय उरली होती हे व्यापारपेठेतल्या माणसांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

या दोन खटल्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पुण्यात दावा लावणारा बाप स्वतः डॉक्टर होता. हाड बसवणे म्हणजे काय आणि भूल कशासाठी देतात, हे त्याला शिकवावे लागले नाही. औरंगाबादेत दुसऱ्यांदा पोट उघडणारे शल्यचिकित्सक वादीचे साक्षीदार म्हणून उभे राहिले. पुढेही असेच दिसते. कोलकात्यात उपचार झालेल्या अनुराधा साहा १९९८ साली वारल्या. त्यांच्यासाठी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपयांची भरपाई ठरवली. तो खटला पंधरा वर्षे लढवणारे पती डॉ. कुणाल साहा हेही डॉक्टर. हैदराबादच्या एका रुग्णालयात २००२ साली हिवताप असलेल्या बाईवर विषमज्वराचे उपचार झाले. ते प्रकरण तडीस नेणारे पती व्ही. किशन राव हे मलेरिया खात्यातले अधिकारी. ज्याच्याजवळ विद्या होती तो टिकला. ज्याच्याजवळ ती नव्हती त्याचे काय झाले, हे निकालांच्या पुस्तकांत सापडत नाही. कारण तो तेथवर पोहोचलाच नाही.

मग सामान्य माणसासाठी वाट केव्हा झाली? २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. वकील न लावता, साध्या अर्जावर, जिल्ह्याच्या ठिकाणी तक्रार करण्याची सोय त्यात होती. डॉक्टरांची सेवा ही त्या कायद्याच्या अर्थाने सेवा आहे की नाही, यावर मोठा वाद झाला. भारतीय वैद्यक संघटना, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशन, सर्वोच्च न्यायालयात गेली. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी, व्ही. पी. शांता यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात निकाल लागला. जेथे पैसे घेऊन उपचार होतात तेथे रोगी हा ग्राहक आहे. जेथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट तपासतात, तेथे फुकटवालाही ग्राहक आहे. परंतु जेथे सर्वांनाच फुकट उपचार मिळतात ते रुग्णालय या कायद्याबाहेर. कामगारांच्या दृष्टीने पुढची पायरी ८ मे २००७ची. राज्य विमा योजनेच्या रुग्णालयातला कामगारही ग्राहकच आहे, असे त्या दिवशी ठरले. कारण त्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक मृत्यूनंतर पोलीस दारात येऊ लागले तर कोणीही डॉक्टर अत्यवस्थ रोग्याला हात लावणार नाही. लुधियान्याला एका कर्करोगी वृद्धाला श्वास घेता येईना, तेव्हा आणलेले प्राणवायूचे नळकांडे रिकामे निघाल्याची तक्रार होती. त्या जेकब मॅथ्यू खटल्यात ५ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की फौजदारीसाठी साधी चूक पुरेशी नाही, हयगय ढोबळ असली पाहिजे. आणि दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घेतल्यावाचून पोलिसांनी पुढे जाऊ नये. आज भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमानुसार, उपचार करताना हयगयीने मृत्यू घडवल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इतरांना अशाच हयगयीबद्दल पाच वर्षांपर्यंत.

हा बंदोबस्त वाजवी आहे असे आम्ही मानतो. मात्र एका डॉक्टरने दुसऱ्याविरुद्ध मत द्यायचे, हे कागदावर जितके सोपे तितके गावात सोपे नसते. एका आडतीच्या मुनिमाने शेजारच्या आडतीच्या वजनाविरुद्ध साक्ष दिलेली कोणी पाहिली आहे काय? म्हणूनच ८ मार्च २०१०चा किशन राव यांचा निकाल मोलाचा आहे. ग्राहक मंचापुढच्या प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत सक्तीचे नाही. जेथे गोष्ट उघड आहे तेथे त्यावाचूनही चालेल, असे त्यात सांगितले.

आता आपल्या दाराशी येऊ. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन दिवसांत, २४ तासांच्या अवधीत, नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. सारा देश हादरला. रिकाम्या जागा आणि औषधांची खरेदी यांवर प्रश्न विचारले गेले. दूरदूरच्या गावांतून रोगी शेवटच्या घटकेला येतात, असे रुग्णालयाकडून सांगण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची दखल घेतली. यात अमुक एक डॉक्टर दोषी, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण एक प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. पोटात राहिलेला बोळा दिसतो. भरली न गेलेली जागा आणि वेळेवर न आलेले औषध दिसत नाही. त्याची साक्ष कोण देणार? ज्या घराजवळ पैसा नाही ते सरकारी रुग्णालयातच जाते, आणि सर्वांना फुकट उपचार देणारे रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर राहते. त्या घराला उरतो तो औरंगाबादच्या खटल्याने उघडलेला रस्ता, दिवाणी कोर्टाचा नाही तर उच्च न्यायालयाचा. म्हणून तो १९९६चा निकाल मराठवाड्याने विसरता कामा नये.

धर्माबादची गोष्ट आणखी वेगळी आहे. आपण सीमेवरचे लोक. मिरचीचा मोंढा आपला, पण सीमा ओलांडली की बासर, पुढे गोदावरीपलीकडे निजामाबाद, आणि त्याच रुळांवर हैदराबाद. आजारी माणसाला घेऊन आपण कधी नांदेडची गाडी धरतो, कधी निजामाबादची. १९८६च्या कायद्यात तक्रार बहुधा जेथे रुग्णालय तेथेच करावी लागे. म्हणजे हैदराबादच्या दवाखान्याविरुद्ध मोंढ्यातल्या हमालाने दर तारखेला हैदराबाद गाठायचे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही अडचण दूर केली. तक्रार करणारा जेथे राहतो तेथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. उपचार तेलंगणात झाले तरी धर्माबादचा माणूस नांदेडला अर्ज देऊ शकतो. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. नव्या कायद्यात सेवांच्या यादीत वैद्यकीय सेवेचा शब्द नाही, म्हणून डॉक्टर आता सुटले, असा दावा काहींनी केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२२ रोजी तो नाकारला.

आता उरतो कागद. पुण्याचा खटला मृत्यूच्या दाखल्याभोवती फिरला. कोणत्याही आयोगापुढे पहिला प्रश्न कागदाचाच येतो. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार भरती झालेल्या रोग्याचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षे जपून ठेवायचे असतात आणि रोग्याने वा त्याच्या घरच्यांनी मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायचे असतात. हे मागण्यासाठी भांडावे लागत नाही. लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. आमच्या लोकांची सवय अशी की औषधाची चिठ्ठी औषधाबरोबर संपते आणि पावती खिशातच धुतली जाते. हजेरीपत्रक आणि पगाराची पावती जपायला शिकलो तेव्हा कामगार मालकापुढे उभा राहू शकला. रोग्याच्या बाबतीत तोच धडा पुन्हा गिरवावा लागणार आहे.

दगडाविषयीही बोलले पाहिजे. डॉक्टरांवर हात टाकणे वा दवाखान्याची मोडतोड करणे हा महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि मोडले त्याच्या दुप्पट भरपाई. ज्या घरातला माणूस गेला त्याच घरातला दुसरा तुरुंगात जातो, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते तो प्रश्न तेथेच मिटतो. शिवाय मार खाणारा बहुधा रात्रपाळीचा शिकाऊ डॉक्टर असतो. चौदा-चौदा तास राबणारा, आमच्या हिशेबाने तोही कामगारच.

तेव्हा, श्रोतेहो, कायद्याचा हा इतिहास पाहून आमचे मत एवढेच झाले आहे: हक्क आहे, पण तो एकट्याला पेलत नाही. गोडबोल्यांजवळ विद्या होती आणि खोडव्यांजवळ तेहतीस वर्षांचा दम होता. प्रत्येक घराकडून यांपैकी काहीही मागणे अन्यायाचे आहे. कामगाराने हे ओझे संघटनेवर घातले. रोग्याने ते गावावर घालावे. गावातल्या एका वाचनालयात वा संघटनेच्या कचेरीत एक कपाट असावे. त्यात ग्राहक कायद्याची मराठी प्रत असावी, केसपेपर मागण्याच्या अर्जाचे कोरे नमुने असावेत, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज लिहून देणारा एखादा निवृत्त शिक्षक वा वकील तेथे बसावा. एखाद्या डॉक्टरनेही तेथे यावे आणि कागद वाचून सांगावे की येथे चूक झाली आहे, किंवा येथे कोणाचीही चूक नाही, रोगच असाध्य होता. दुसरे उत्तरही त्या घराला तितकेच हवे असते. खरे कारण कळले की 'नशिबात होते' असे म्हणून गप्प बसावे लागत नाही आणि दगड उचलावासाही वाटत नाही.